नांगर की घातपात? समुद्रतळावरच्या तारांचा दीडशे वर्षांचा संशय

विषय समुद्राचा आणि लिहिणारा वरवट बकालचा, म्हणजे संग्रामपूर तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा. अरबी समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आमच्याकडे समुद्राची आठवण करून देणारी एकच गोष्ट, खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी. तरीही या विषयावर बोलण्याचा अधिकार मी सांगतो, कारण एकदा त्या दूरच्या समुद्राने माझे नुकसान केले आहे.

२००८ सालच्या जानेवारीची अखेर. मी शेगावातील एका इंटरनेट कॅफेत बसून ई-मेल उघडण्याचा प्रयत्न करीत होतो. एका नोकरीच्या मुलाखतीचे पत्र येणार होते. पान उघडेना. कॅफेवाल्या दादांनी सांगितले, ‘केबल तुटली आहे, दोन-चार दिवस लागतील.’ आम्ही चार-पाच जण उठून दाराशी गेलो आणि रस्त्यावरच्या खांबाकडे पाहू लागलो. केबल म्हणजे खांबावरची, टीव्हीची, हीच आमची समजूत. दादांनी हसून सांगितले, ‘इथली नाही रे, इजिप्तची.’ कुणाचाही विश्वास बसला नाही. पाच दिवसांनी पत्र उघडले, तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून गेली होती.

पुढची काही वर्षे मी ही हकीकत सांगताना एक वाक्य हमखास जोडीत असे : ती केबल अमेरिकेने तोडली होती. त्या दिवसांत तशी वदंता जोरात होती. इराणवर हल्ला होणार, त्याआधी त्याची वाणी बंद केली, पाणबुडीने काम साधले, असे लोक छातीठोकपणे सांगत. ३० जानेवारीला अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल एकापाठोपाठ गेल्या, १ फेब्रुवारीला दुबई आणि ओमानच्या दरम्यान तिसरी गेली. इतके योगायोग कसे, हा प्रश्न शहाण्या माणसांनाही पडला होता. इजिप्तच्या सरकारने तर जाहीर केले की, त्या जागी त्या वेळी एकही जहाज नव्हते. मग संशयाला आणखी काय हवे? माझ्या हुकलेल्या मुलाखतीला एका महासत्तेचे कारण मिळाले होते, आणि खरे सांगायचे तर ते मला सुखावणारे होते.

त्या संशयाचे काय झाले, ते पुढे येईलच. आधी थोडे मागे जाऊ, कारण आमच्या मुलखाचे आणि समुद्राखालच्या तारेचे नाते इंटरनेटपेक्षा फार जुने आहे.

१८७० हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षीच्या जानेवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाचे अजस्र जहाज मुंबईला आले. उष्ण कटिबंधातील उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. पोटात होती हजारो मैलांची तार. कॅप्टन रॉबर्ट हॅल्पिनच्या हुकमतीखाली फेब्रुवारीच्या मध्यावर ते मुंबईहून निघाले आणि अरबी समुद्राच्या तळाशी तार सोडीत महिनाअखेरीस एडनला पोहोचले. जूनमध्ये इंग्लंडकडील दुवा पुरा झाला आणि लंडन ते मुंबई हा मार्ग प्रामुख्याने समुद्राखालून जोडला गेला. त्या प्रसंगी लंडनमध्ये मेजवानी झाली आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्याशी तारेने संदेशांची देवाणघेवाण झाली.

त्याच १८७० मध्ये हेच लॉर्ड मेयो आमच्या खामगावला येऊन गेले. जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा छोटासा फाटा त्यांच्या हस्ते खुला झाला. लांबी म्हणाल तर जेमतेम आठ मैल. एवढ्यासाठी व्हाइसरॉय का यावा? कारण खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ होती आणि तिकडे मँचेस्टरच्या गिरण्या आमच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. अमेरिकेतील यादवी युद्धाने त्यांना शिकवले होते की, एकाच देशाच्या कापसावर विसंबू नये. आदल्याच वर्षी, १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा सुरू झाला होता. लोहमार्ग, कालवा आणि तार ही तिन्ही वर्षभराच्या आत जुळून आली आणि संग्रामपूर-जळगाव-खामगावच्या काळ्या मातीत पिकणाऱ्या कापसाचा भाव लिव्हरपूलमध्ये ठरू लागला.

आता या तारेमागचा माणूस पाहा. समुद्री तारांच्या व्यवसायाचा सम्राट म्हणून इतिहास ज्याला ओळखतो, तो जॉन पेंडर मुळात मँचेस्टरचा कापडाचा व्यापारी. कापसाच्या व्यापाऱ्याला भावाची बातमी दुसऱ्याच्या आधी कळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. (जाता जाता : न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईला येत, त्यांवर सट्टा लागे. त्यालाच पुढे ‘आकडा’ आणि मग ‘मटका’ म्हणू लागले. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे थांबले आणि मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. गावोगावच्या टपरीवरील त्या चिठोऱ्याची वंशावळ अशी समुद्राच्या तळाशी जाते.)

आता तोडण्याकडे वळू. सुरुवातीला या तारा कुणी शत्रूने तोडल्या नाहीत. त्या निसर्गानेच संपवल्या. १८५९-६० मध्ये सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत तांबड्या समुद्रातून एक तार टाकली होती. ती इतकी ताणून टाकली की, प्रवाळाच्या उंचवट्यांमध्ये ती दोरीसारखी लोंबत राहिली. तिच्यावर शिंपल्यांचे थर चढले आणि त्या ओझ्याने ती तुटत गेली. काही महिन्यांत सगळा खटाटोप निकामी झाला. ब्रिटिश सरकारने कंपनीला हमी दिलेली असल्याने त्या मेलेल्या तारेपोटी दरवर्षी ३६,००० पौंड, तेही पन्नास वर्षे, भरण्याची पाळी सरकारवर आली. उष्ण समुद्रात तारेभोवतीचे तागाचे आवरण आणि आतले गटापर्चाचे वेष्टन पोखरणारे किडे होते, ते निराळेच.

जमिनीवरच्या तारा मात्र माणसे तोडत होती. १८५७ च्या उठावात त्या तुटल्या. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात तारा तोडणे हा गावोगावच्या तरुणांच्या कार्यक्रमाचा भाग होता. सरकारी दप्तरात त्या कृत्याला घातपात म्हटले गेले, आम्ही त्याला स्वातंत्र्यलढा म्हणतो. मी तोडणाऱ्यांच्या बाजूचा आहे, हे उघड आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे ध्यानात घ्यावे की, ‘घातपात’ हा शब्द उच्चारणारा बहुतेक वेळा त्या तारेचा मालक असतो.

समुद्रातील तारा जाणीवपूर्वक तोडण्याची परंपरा साम्राज्यांची, आणि त्यात लपवाछपवी नव्हती. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकी नौसैनिक छोट्या होड्यांतून क्यूबातील सिएनफ्वेगोसच्या किनाऱ्याजवळ गेले आणि गोळीबाराच्या वर्षावात त्यांनी समुद्रातून तारा उचलून कापल्या. दिवसाढवळ्या, गणवेशात.

१९१४ चे उदाहरण त्याहून बोलके आहे. ब्रिटनने युद्ध पुकारले ४ ऑगस्टला. दुसऱ्या दिवशी पहाटेच ‘अलर्ट’ नावाचे तारदुरुस्तीचे जहाज इंग्लिश खाडीत जर्मनीच्या पाच तारा कापत होते. दुरुस्तीच्या जहाजानेच तोडायचे, हा विनोद लक्षात घ्या. ज्याला सांधता येते त्यालाच नेमके तोडता येते. त्या तारा जर्मनीच्या एम्डेन या बंदरातून निघत. याचा परिणाम दूरवर झाला. जर्मनीला जगाशी बोलण्यासाठी परक्यांच्या तारा वापराव्या लागल्या. जानेवारी १९१७ मध्ये परराष्ट्रमंत्री त्सिमरमन यांनी मेक्सिकोला युतीचे आमिष दाखवणारा गुप्त संदेश अमेरिकेच्याच राजनैतिक तारेतून धाडला. ती तार ब्रिटनवरून जात होती. ब्रिटिशांनी संदेश उलगडला, अमेरिकेच्या हाती दिला आणि अमेरिका युद्धात उतरण्याच्या कारणांत त्याची भर पडली. एका पहाटेच्या कामाची ही किंमत.

त्या बंदराचेच नाव धारण करणारी युद्धनौका ‘एम्डेन’ आपल्याकडे अधिक प्रसिद्ध आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या, हे आपण वाचलेले असते. तिचा शेवट मात्र एका तारेपायी झाला, हे कमी जणांना ठाऊक असते. ९ नोव्हेंबरला ती हिंदी महासागरातील कोकोस बेटांपैकी डायरेक्शन बेटावर आली. तिथे पेंडरच्या उद्योगसमूहातील एका कंपनीचे तारकेंद्र होते. जर्मन तुकडी उतरली, तिने बिनतारी यंत्रणेचा मनोरा पाडायला घेतला. केंद्रातील कर्मचाऱ्यांनी विनंती केली की, मनोरा आमच्या टेनिसच्या मैदानावर पाडू नका. आणि जर्मनांनी ती मानली! त्यांनी तारा कापल्या, पण त्यातली एक फसवा तुकडा निघाली. कर्मचाऱ्यांनी परकी नौका दिसताच बिनतारी संदेश आधीच पाठवला होता. तो ऐकून ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियाची युद्धनौका आली आणि ‘एम्डेन’ त्याच दिवशी संपली.

हे प्रसंग वाचायला रोमहर्षक आहेत, पण माझा मुद्दा त्यांच्या पलीकडचा आहे. या सगळ्यांत तोडणारा कोण, याविषयी संशय नव्हता. आजच्या बातम्यांत मात्र ‘संशयित’ हाच शब्द मध्यवर्ती असतो. एखादे जुनाट मालवाहू जहाज, ध्वज तिसऱ्याच देशाचा, मालक चौथ्याच देशात, खलाशी पाचव्या देशाचे. त्याचा नांगर तळाशी कित्येक किलोमीटर घासत जातो आणि केबल तुटतात. कप्तान म्हणतो, आम्हाला कळलेच नाही. हे सोंग की सत्य?

या प्रकाराचा मूळपुरुष शीतयुद्धात सापडतो. फेब्रुवारी १९५९ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ अटलांटिकच्या पाच केबल काही दिवसांच्या अंतराने बिघडल्या. त्या परिसरात ‘नोव्होरोसिस्क’ नावाची सोव्हिएत मासेमारी नौका होती. २६ फेब्रुवारीला अमेरिकी नौदलाची एक निःशस्त्र तुकडी तिच्यावर चढली. आधार होता १८८४ च्या पॅरिस कराराचा, समुद्री तारांच्या रक्षणासाठी झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कराराचा. कागदपत्रे पाहिली, जाळी पाहिली. हेतुपुरस्सर तोडल्याचा पुरावा मिळाला नाही. सोव्हिएत संघाने आरोप फेटाळला आणि प्रकरण निषेधपत्रांच्या देवाणघेवाणीत विरले. त्याच करारात एक कलम असेही आहे की, युद्ध करणाऱ्या राष्ट्रांच्या कृतिस्वातंत्र्यावर या कराराचे बंधन नाही. शांततेत तार तोडणारा कोळी गुन्हेगार आणि युद्धात तोडणारे आरमार मोकळे, अशी ही व्यवस्था साम्राज्यांनी आपल्या सोयीने बांधून घेतली होती.

आता बाल्टिक समुद्रात या. २५ डिसेंबर २०२४ रोजी ‘ईगल एस’ या तेलवाहू जहाजाच्या नांगराने फिनलंड आणि एस्टोनियामधील वीजवाहिनी आणि चार दूरसंचार केबल तुटल्या. जहाजावर ध्वज कुक बेटांचा. ते रशियाच्या तेलवाहतुकीतील छुप्या ताफ्यापैकी असल्याचा संशय. फिनलंडने धाडसाने जहाज ताब्यात घेतले, समुद्रतळावरून नांगर वर काढला, कप्तान आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने खटला काढून टाकला. कारण घटना प्रादेशिक सागराबाहेर घडली. अधिकार जहाजाच्या ध्वजाच्या देशाचा, किंवा आरोपी ज्या देशांचे नागरिक त्या देशांचा.

इथे जरा थांबा. त्या तीन आरोपींपैकी एक अधिकारी भारतीय होता. म्हणजे बाल्टिकमधल्या केबलचा न्याय करण्याचा अधिकार, त्या निकालानुसार, एका अंशाने आपल्याकडे येतो. जगाच्या जहाजांवर भारतीय खलाशी आणि अधिकारी मोठ्या संख्येने राबतात; त्यात कोकणातली, मुंबईतली आणि आता आमच्या विदर्भातलीही पोरे आहेत. मालक कागदांच्या आड राहतो आणि पिंजऱ्यात उभा राहतो तो पगारी माणूस. संशयाचे राजकारण करताना ही बाजू कुणाच्या लेखी नसते. तैवानमध्ये जून २०२५ मध्ये ‘होंग ताई ५८’ या जहाजाच्या चिनी कप्तानाला केबल तोडल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली; तीही कप्तानालाच.

आता आमच्या २००८ कडे येऊ. दुबई-ओमानच्या दरम्यान तुटलेली केबल तेव्हा रिलायन्सच्या मालकीच्या ‘फ्लॅग’ कंपनीची होती. दुरुस्तीचे जहाज तिथे पोहोचले, तेव्हा तळाशी पाच-सहा टन वजनाचा एक बेवारस नांगर सापडला. पुढे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून कंपनीने जहाजांचा माग काढला आणि दुबईच्या अधिकाऱ्यांनी दोन जहाजे अडकवून ठेवली. ना पाणबुडी, ना महासत्ता. निदान त्या केबलपुरते तरी, चुकीच्या जागी टाकलेला नांगर. ही बातमी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये छापून आली होती. मी ती वाचली कित्येक वर्षांनी, कारण घातपाताची बातमी पहिल्या पानावर असते आणि नांगराची आतल्या पानावर.

जगात दरवर्षी समुद्री केबलचे साधारण दीडशे ते दोनशे बिघाड होतात आणि त्यांतले बहुसंख्य मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांमुळे होतात. म्हणजे केबल तुटणे ही नित्याची गोष्ट आहे; ती इतक्यांदा तुटते आणि आपल्याला पत्ता लागत नाही, कारण वाहतूक दुसऱ्या केबलवरून वळवली जाते. यातून दोन विरुद्ध निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खरे आहेत. प्रत्येक तुटलेल्या केबलमागे शत्रू पाहणे हे अज्ञान आहे. आणि ज्याला खरोखर घातपात करायचा आहे, त्याच्यासाठी या नित्याच्या अपघातांइतका सोयीस्कर बुरखा दुसरा नाही. तळाशी घासलेला नांगर हेतू सांगत नाही. बाल्टिकमध्ये थोड्याच काळात अशा घटना ज्या दाटीने घडल्या, त्या पाहता सगळेच अपघात होते असे मानायला माझे मन तयार नाही. पण मन तयार नसणे हा पुरावा नव्हे, हे मी २००८ कडून शिकलो आहे.

मग भारताने काय करावे? माझे स्पष्ट मत असे की, ‘कुणी तोडली’ या प्रश्नावर आपण जितका श्वास खर्च करतो, त्याच्या दशांशही ‘किती दिवसांत सांधणार’ या प्रश्नावर करीत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हुती बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने जायबंदी झालेले ‘रुबीमार’ हे जहाज सोडून खलाशी निघून गेले. नांगर टाकलेले ते जहाज तांबड्या समुद्रात भरकटत राहिले आणि त्याच सुमारास तिथल्या तीन केबल व्यवस्था तुटल्या. बहुधा त्याच नांगराने, असे तपास करणाऱ्यांचे मत. तिन्हींची टोके मुंबईत येतात. त्यांतल्या काहींच्या दुरुस्तीला महिनोन्महिने लागले, कारण युद्धग्रस्त येमेनच्या पाण्यात दुरुस्ती जहाजाला परवानगी कुणी द्यायची, हाच वाद. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा दोन तुटल्या; त्याही मुंबईला येणाऱ्या. १८५९ ची तार जिथे कुजली, तोच हा चिंचोळा समुद्र. दीडशे वर्षांत आपण मार्ग बदललेला नाही.

आणि मुंबईत तरी काय? देशाला जगाशी जोडणाऱ्या केबलचा फार मोठा भाग मुंबई आणि चेन्नई या दोन शहरांत येतो. मुंबईतल्या बहुतेक वर्सोव्याच्या किनारपट्टीवर, जिथे कोळी बांधवांची मासेमारीही चालते. जून २०२३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आपल्या शिफारशींत नोंदवले की, भारताच्या ध्वजाचे एकही केबलदुरुस्ती जहाज नाही. परदेशी जहाज बोलवावे लागते, त्याला अनेक खात्यांच्या परवानग्या लागतात आणि त्यात दिवस जातात. १९१४ मध्ये ‘अलर्ट’ने दाखवून दिले होते की, तारांच्या युद्धात निर्णायक वस्तू म्हणजे दुरुस्तीचे जहाज. एवढ्या मोठ्या आरमाराच्या देशाजवळ ते नसावे, हे मला कोणत्याही संशयित नांगरापेक्षा अधिक चिंताजनक वाटते. वर्सोव्याच्या कोळ्यांना विश्वासात घेऊन केबलचे पट्टे आखणे, काही केबल रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे वळवणे, ही कामे त्याहून स्वस्त आहेत. पण ती पहिल्या पानावर येत नाहीत.

परवा खामगावच्या बाजार समितीत एका शेतकरी काकांना मोबाइलवर न्यूयॉर्कचा कापूस वायदा पाहताना पाहिले. सेंटमध्ये पौंडाचा भाव, त्याचे रुपयात क्विंटल किती होतात, हा हिशेब ते तोंडी करीत होते. पान उघडायला वेळ लागला, तसे ते मोबाइल वर धरून टॉवरच्या दिशेला वळले. मी काही बोललो नाही. मीही एकदा खांबाकडेच पाहिले होते.